शेवटचं कधी प्यायले, ते लिहाच

"ताई, तेवढं दारूचं नका ना लिहू, क्लेम जाईल." हे वाक्य रुग्णालयाच्या काउंटरवर रोजचं आहे. मी मोहोपाड्याला राहते आणि पनवेलकडच्या एका खासगी रुग्णालयात केसपेपर, बिलं आणि टीपीएची (विमा कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या संस्थेची) कागदपत्रं बघते. असं विनवणारी बहुतेक वेळा पेशंटची बायको असते. तिच्यापुढे डिपॉझिटचा आकडा असतो, त्यामुळे तिचा राग येत नाही. पण तिला नाही म्हणावं लागतं. ते का, हे तिला आणि तिच्यासारख्या सगळ्यांनाच नीट सांगायला हवं.

एक उदाहरण देते. पाय मोडलेला एक पेशंट आला. "कधीमधी घेतात," घरच्यांनी सांगितलं आणि केसपेपरवर 'ऑकेजनल' एवढंच उतरलं. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. तिसऱ्या रात्री त्यांचे हात कापू लागले, घामाने कपडे भिजले. चादरीवर नसलेले किडे ते झटकत होते. शेवटी त्यांनी सलाईन उपटून टाकलं. दारू अचानक तुटली की असं होतं. फिट आल्या तर बहुधा पहिल्या दोन दिवसांत येतात, भ्रम दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास. वेळेवर उपचार मिळाले नाहीत तर माणूस दगावू शकतो. उपचार अवघड नाहीत. लोराझेपामसारखी औषधं आणि बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं बहुतेक रुग्णालयांत असतात. पण त्या रात्री ड्यूटीवरच्या डॉक्टरांना आधी मेंदूला मार लागलाय का, हे शोधत बसावं लागलं, कारण कागद त्यांना काही सांगत नव्हता.

म्हणून सगळ्यात मोलाची ओळ म्हणजे शेवटचं कधी प्यायले. 'क्रॉनिक अल्कोहोलिक' हा नुसता शेरा झाला, त्यातून डॉक्टरला काहीच कळत नाही. नोंद अशी हवी: 'देशी, रोज दोन क्वार्टर म्हणजे ३६० मिलि, आठ वर्षांपासून, शेवटचं काल रात्री नऊला, पूर्वी फिट आलेली नाही, माहिती पत्नीने दिली.' पुढे दारू तुटल्याच्या लक्षणांची मोजणी होते. घाम, थरथर, मळमळ, भास अशा दहा गोष्टींना गुण देतात, जास्तीत जास्त ६७. गोळीचा डोस त्यावर ठरतो. सकाळचे गुण संध्याकाळी डोळे झाकून पुन्हा उतरवले, तर डोसही चुकतो.

आता पैशांचं. बहुतेक मेडिक्लेम पॉलिसींत वगळलेल्या उपचारांच्या यादीत बारावं कलम असतं: मद्यपान, अमली पदार्थ किंवा कुठलंही व्यसन आणि त्याचे परिणाम. 'परिणाम' या शब्दात लिव्हरही येतं. दुसरीकडे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारू आणि अमली पदार्थांशी निगडित मानसिक स्थितींना मानसिक आजारातच धरलं आहे आणि अशा आजारांना शारीरिक आजारांच्या बरोबरीने विमा द्यायला सांगितलं आहे. या दोन कागदांचा मेळ अजून बसलेला नाही आणि भुर्दंड कुटुंबाला पडतो. मला हा अन्याय वाटतो. पण तो दूर करायचा तर खरा आजार कागदावर दिसला पाहिजे. व्यसनाचा आजार 'अशक्तपणा' म्हणून लिहिला, तर त्याचा हक्क कोण मागणार? शिवाय खोटी माहिती उघड झाली, तर नुसता क्लेम नाही, पॉलिसीही रद्द होऊ शकते.

खरी नोंद पेशंटला वाचवतेही. स्वादुपिंडाला सूज दारूने येते, तशी पित्ताशयातल्या खड्यांनीही येते. सोनोग्राफीत खडे दिसत असतील आणि दारूचं प्रमाण नेमकं लिहिलेलं असेल, तर टीपीएच्या क्वेरीला उत्तर देता येतं. नकाराचं कलम लागू होतं हे दाखवून देणं विमा कंपनीचं काम असतं. जुन्या डिस्चार्ज कार्डावरून उचललेल्या 'अल्कोहोलिक' या एका शब्दाने ते काम आपणच फुकट करून देतो.

मी राहते त्या रसायनी भागात या नोंदींना आणखी एक बाजू आहे. हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्सचा इथला कारखाना बंद करायचा निर्णय २०१७ मध्ये झाला, पण पाताळगंगा एमआयडीसीच्या शिफ्ट चालूच आहेत. नाईटला अपघात झाला की कामगार कॅज्युअल्टीत येतो. दारूच्या अंमलामुळेच इजा झाली असेल, तर काही अपवाद सोडून मालकावर भरपाईची जबाबदारी नसते, ही तरतूद १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्यापासूनची. पण सॉल्व्हंटच्या वाफेनेही चक्कर येते, जीभ जड होते, कपड्यांना वास येतो. अशा वेळी घाईत 'दारू प्यायलेला' असं लिहिलं, तर एका कुटुंबाची भरपाई जाऊ शकते. वास कसला, बोलणं कसं, चाल कशी, रक्ताचा नमुना घेतला का आणि किती वाजता, हे लिहावं. निष्कर्ष तपासणीनंतर.

व्यसनमुक्ती केंद्राच्या बिलाची अडचण वेगळी. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात मुक्तांगण सुरू केलं, तेव्हापासून महाराष्ट्राला कळलंय की दारू उतरवणं काही दिवसांचं असतं, खरं काम पुढच्या समुपदेशनात आणि पाठपुराव्यात आहे. ते काम सलाईनच्या बाटल्यांसारखं मोजता येत नाही. म्हणून 'उपचार खर्च' अशी एकच ठोक रक्कम लावणारी पावती घेऊ नका. समुपदेशन लावलं असेल तर तारीख, वेळ, कोणी केलं आणि सही असावी. लघवीची तपासणी लावली असेल तर रिपोर्ट असावा. अमेरिकेत ॲरिझोना राज्याने २०२३ मध्ये शंभराहून अधिक संस्थांची देयकं थांबवली. मूलनिवासी लोकांना व्यसनमुक्तीच्या नावाखाली आणून, न केलेल्या उपचारांची बिलं सरकारकडून उकळल्याचा आरोप होता. तिथे फसवणूक पैशांची होतीच, पण उपचाराविना राहिलेली माणसं खरी होती.

हक्क तुमच्याही बाजूचे आहेत. पेशंटला बांधून ठेवलं, तर का, कसं आणि किती वेळ, हे लगेच केसपेपरवर लिहिणं कायद्याने बंधनकारक आहे. कागदपत्रांच्या प्रती मागितल्या की डॉक्टरांनी ७२ तासांत द्यायच्या, असा वैद्यकीय परिषदेचा २००२ चा नियम आहे. आजाराची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्कही २०१७ च्या कायद्यात आहे. कंपनीच्या एचआरला फिटनेस सर्टिफिकेट पुरतं, अख्खी फाइल द्यायची गरज नाही.

एम्सच्या २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी फक्त एकाला कसले तरी उपचार मिळाल्याचं आढळलं. बाकीच्यांना दाराबाहेर अडवणाऱ्या गोष्टींत लाज मोठी आहे. त्या लाजेपोटी कागद कोरा ठेवू नका. आणि आम्ही कागद लिहिणाऱ्यांनी माणसावर शिक्का न मारता त्याचा आजार लिहावा. तसं झालं, तर काउंटरवरच्या त्या बायकोला खरं सांगायची भीती वाटणार नाही.