बोर, देशोदेशीचे

वर्धा जिल्ह्यातला बोर व्याघ्रप्रकल्प २०१४मध्ये जाहीर झाला. गाभा क्षेत्र सुमारे १३८ चौरस किलोमीटर, देशातल्या सर्वांत लहान व्याघ्रप्रकल्पांपैकी एक. पण नकाशावर हे नाव शोधायला घ्या, बोर जगभर भेटतात. सर्बियात तांब्याच्या खाणींचे बोर, चेक प्रजासत्ताकाच्या पश्चिम टोकाला एक चिमुकले शहर, दक्षिण स्वीडनमध्ये एक खेडे, तुर्कस्तानच्या निगदे प्रांतात आणखी एक. दक्षिण सुदानात पांढऱ्या नाईलकाठची जोंगलेई राज्याची राजधानीही बोरच.

सर्बियातले आणि चेक बोर एकाच मुळाचे. स्लाव भाषांत बोर म्हणजे पाइनचे रान. तरी एकाने दुसऱ्याचे नाव उचललेले नाही. जिथे तसे रान होते तिथे माणसांनी वस्तीला तेच नाव दिले. दक्षिण सुदानची गोष्ट निराळी. तिथल्या डिंका लोकांच्या एका शाखेला बोर म्हणतात आणि त्यांची भाषा नायलोटिक कुळातली, स्लाव भाषांशी नाते नसलेली.

मग हे जुळले कसे? व्यंजन, स्वर, व्यंजन अशी तीन ध्वनींची नावे घेऊ. २० व्यंजने आणि ५ स्वर धरले तर फक्त २,००० नावे बनतात. त्यांतून कशीही ५५ नावे उचलली, तरी दोन सारखी निघण्याची शक्यता निम्म्याहून जास्त! जगात वस्त्या लाखोंनी आहेत, आणि प, त, क, म, न हे ध्वनी बहुतेक भाषांत आहेत. आखूड नावे जुळली नसती तरच नवल.

लिपीही साम्य वाढवते. स्वीडिशमध्ये ‘ओ’ बराचसा ‘ऊ’कडे झुकतो, डिंकात तर स्वराच्या लांबीचे तीन प्रकार आहेत. रोमन अक्षरांत हे सगळे पुसले जाते.

म्हणूनच नाव जुळले की लगेच प्राचीन स्थलांतराची कथा रचणे मला फार अन्यायाचे वाटते. त्यात गावाचा खरा इतिहास हरवतो. पुरावा लागतो तो जुन्या कागदपत्रांचा, नावाच्या सर्वांत जुन्या रूपाचा, भोवतालच्या भूगोलाचा. उदाहरणार्थ, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या सेलमची नोंद स्पष्ट आहे: १६२६मध्ये वसाहतकरी आले आणि पुढे त्यांनी बायबलमधले नाव दिले. तमिळनाडूतल्या सेलमला तमिळ लोक ‘सेऽलम्’ म्हणतात आणि त्याचा बायबलमधल्या त्या नावाशी काही संबंध नाही.