शीव कोणीं आखावी? माणगांवच्या निमित्तानें निर्वाचनाधिकाराचा विचार

जुन्या दानपत्रांशीं व खरेदीखतांशीं ज्यांचा परिचय आहे, त्यांस चतुःसीमेचें महत्त्व सांगावयास नको. शिलाहारांच्या ताम्रपटांत 'आघाट' या शब्दानें जी मर्यादा दाखविलेली असते, तीच मराठी कागदांत चतुःसीमा म्हणून येते. दोहींचा आरंभ बहुधा पूर्व दिशेपासून. याच जातीचा एक नवा लेख आपल्या डोळ्यांदेखत निर्माण होत असतां संग्राहकांचें तिकडे फारसें लक्ष गेलेलें दिसत नाहीं. तो लेख म्हणजे स्थानिक निवडणुकीपूर्वीं प्रसिद्ध होणारी प्रभागरचनेची अधिसूचना. तो कोणाच्या लेखणीनें उतरतो, व ती लेखणी कोणाच्या हातीं असावी, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

प्रथम या लेखाचें स्वरूप पाहूं. नगरपंचायतीच्या निवडणुकीसाठीं गांवाचे १७ प्रभाग पाडतात. प्रभागांची मांडणी उत्तरेकडून सुरू होऊन ईशान्य व पूर्व असें करीत दक्षिणेस संपते. खानेसुमारीचा प्रगणक-गट शक्यतों फोडावयाचा नाहीं, आणि नदी, रस्ता, लोहमार्ग अशा ठळक रेषा सीमा म्हणून धरावयाच्या, असा दंडक आहे. माणगांवीं काळ नदी, मुंबई-गोवें महामार्ग व कोंकण रेल्वे या तिन्ही रेषा भूमीवर आधींच उमटलेल्या आहेत. तरी एखादी आळी रेषेच्या कोणत्या बाजूस पडावी हें शेवटीं लेखणीच ठरविते. आळी इकडची तिकडे झाली कीं मतांची बेरीज बदलते. लोकसंख्येचें प्रमाण बदललें कीं राखीव जागेचा प्रभागहि बदलतो. म्हणून प्रारूप आधीं प्रसिद्ध करून, लोकांच्या हरकती ऐकून, मग अंतिम रचना जाहीर करावयाची, अशी रीत आहे.

जुन्या काळीं शिवेचा तंटा पडला म्हणजे गोत बसे. ज्यांचीं शेतें त्या शिवेस लागून, त्यांच्या साक्षी होत; महजरावर कुणबी आपल्या नांगराची निशाणी करी, आणि सरकारचा शिक्का त्यानंतर येई. साक्ष गांवाची, मोहोर राजाची, अशी ती वांटणी होती. दक्षिणेंतील उत्तरमेरूर येथील शिलालेख याहून अधिक बोलका आहे. पहिल्या परांतक चोलाच्या १२ व्या व १४ व्या राज्यवर्षीं, म्हणजे इ. स. ९१९ च्या व ९२१ च्या सुमारास, तेथील ब्राह्मणसभेनें ३० कुटुंब-विभागांतून सभासद निवडण्याचे नियम कोरविले. नांवांच्या चिठ्ठ्या घटांत घालून लहान मुलाच्या हातून काढावयाच्या अशी ती पद्धति. नियम ठरले तेव्हां राजाचा अधिकारी हजर होता व राजाज्ञेचा उल्लेखहि लेखांत आहे. परंतु निवड सभेनेंच करावयाची होती. सारांश, राजसत्ता व ग्रामसत्ता यांचा हा प्रश्न आजचा नव्हे.

इंग्रजी अमदानींत लॉर्ड रिपन यांच्या १८ मे १८८२ च्या ठरावानें स्थानिक स्वराज्याचें बीज पडलें, आणि १८८४ च्या कायद्यांनीं मुंबई इलाख्यांत तें रुजलें. तथापि लेखणी कलेक्टराच्या कचेरींतच राहिली. १ मे १९६२ रोजीं महाराष्ट्रांत जिल्हा परिषदा स्थापन झाल्या, तरी निवडणूक केव्हां घ्यावी हें बव्हंशीं शासनच ठरवीत असे. मुदत संपलेल्या संस्थांवर प्रशासक बसत व निवडणुका लांबत. या दोषावर उपाय म्हणून ७३ वी व ७४ वी घटनादुरुस्ती १९९३ सालीं अमलांत आली. पांच वर्षांची मुदत संपण्यापूर्वीं निवडणूक झालीच पाहिजे असें बंधन तिनें घातलें. मतदारयाद्या तयार करणें व निवडणुका चालविणें यांवरील देखरेख व नियंत्रण स्वतंत्र राज्य निवडणूक आयोगाकडे दिलें. महाराष्ट्रांत हा आयोग २६ एप्रिल १९९४ रोजीं अस्तित्वांत आला, व राज्याच्या कायद्यांनीं प्रभाग पाडण्याचें कामहि त्याच्याकडे सोंपविलें.

येथेंच खरी मेख आहे. घटनेच्या २४३ के व २४३ झेडए या अनुच्छेदांत मतदारयाद्यांचा व निवडणूक चालविण्याचा उल्लेख आहे. प्रभागरचनेचा शब्दशः उल्लेख नाहीं. जें राज्याच्या कायद्यानें दिलें तें राज्याच्या कायद्यानें परत घेतां येतें, असा अर्थ त्यांतून निघूं शकला.

या मेखेचा परिणाम काय झाला तो आतां पाहूं. माणगांव, तळा, म्हसळा, पोलादपूर, खालापूर व पाली या रायगड जिल्ह्यांतील सहा नगरपंचायतींची निवडणूक २०२१ च्या अखेरीस लागली. इतर मागासवर्गाच्या राखीव जागांसाठीं शासनानें काढलेला वटहुकूम आवश्यक माहितीच्या आधाराशिवाय असल्यामुळें सर्वोच्च न्यायालयानें त्या जागांची निवडणूक थांबविली. मग उरलेल्या जागांचें मतदान २१ डिसेंबर २०२१ रोजीं, आणि थांबलेल्या जागा खुल्या करून त्यांचें मतदान १८ जानेवारी २०२२ रोजीं झालें. मोजणी दुसऱ्या दिवशीं एकत्र. एकाच गांवची एकच निवडणूक अशी दोन वेळां घ्यावी लागली.

त्यानंतर मार्च २०२२ मध्यें विधिमंडळानें एकमतानें कायदे करून प्रभागरचनेचा अधिकार आयोगाकडून शासनाकडे घेतला. ४ मे २०२२ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें, त्या वर्षाच्या ११ मार्चपूर्वींच्या रचनेनुसार सुमारें २,४८६ स्थानिक संस्थांच्या निवडणुकांची प्रक्रिया चालवावी, असा आदेश दिला. पुढें राज्यांत सत्तांतर झालें. मुंबई महानगरपालिकेच्या २२७ जागा आधींच्या शासनानें २३६ केल्या होत्या, त्या नव्या शासनानें पुनः २२७ केल्या. लेखणी शासनाच्या हातीं असली म्हणजे शासनाबरोबर आंकडाहि बदलतो, याचें यापेक्षां स्पष्ट उदाहरण शोधावयास नको. ऑगस्ट २०२२ मध्यें 'जैसे थे' आदेश झाला. मार्च २०२२ पासून रायगड जिल्हा परिषदेचा कारभार प्रशासकाकडे गेला तो २०२५ सरेपर्यंत तसाच राहिला. माणगांवच्या शेतकऱ्यास रस्त्याची किंवा शाळेची तक्रार घेऊन जावयास निवडून दिलेला सभासदच उरला नाहीं. ६ मे २०२५ च्या आदेशानें मार्ग मोकळा झाला, तेव्हां नवी रचना शासनाच्या आदेशानेंच सुरू झाली.

शासनाची बाजूहि मांडली पाहिजे. विधिमंडळ लोकांनीं निवडलेलें आहे. त्याचा कायदा म्हणजे परकी हुकूम नव्हे. २२७ जागांच्या कायद्याविरुद्धचा अर्ज मुंबई उच्च न्यायालयानें एप्रिल २०२३ मध्यें फेटाळला. स्थानिक सत्ता नेहमींच न्यायी असते असेंहि नाहीं. माणगांवशेजारच्या महाडचेंच उदाहरण घ्या. मुंबई कायदेकौन्सिलानें १९२३ सालीं बोले यांचा ठराव मान्य केला. त्यास अनुसरून महाड नगरपालिकेनें १९२४ सालीं चवदार तळें अस्पृश्यांस खुलें केलें, आणि त्याच पालिकेनें ऑगस्ट १९२७ मध्यें तो ठराव मागें घेतला. गांवाची लेखणीहि अन्याय लिहूं शकते.

म्हणूनच लेखणी गांवाकडेहि नको व शासनाकडेहि नको, तिसऱ्या तटस्थ हातीं असावी, हा घटनाकारांचा मार्ग आम्हांस अधिक सयुक्तिक वाटतो. न्यायालयांचा कलहि तिकडेच दिसतो. अहमदाबाद महानगरपालिकेच्या प्रकरणीं २००६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें म्हटलें कीं, आपल्या क्षेत्रांत राज्य आयोगाचा दर्जा भारताच्या निवडणूक आयोगाच्या तोडीचा आहे व शासनानें त्यास साहाय्य केलें पाहिजे. गोव्यांत शासनाच्या विधि-सचिवाकडेच निवडणूक आयुक्ताचा जादा कारभार दिला गेला, तेव्हां १२ मार्च २०२१ च्या निर्णयांत न्यायालयानें तें घटनेची थट्टा ठरवून, शासकीय पदावरील व्यक्तीस आयुक्त नेमतां येणार नाहीं असें सांगितलें. परंतु आयुक्त स्वतंत्र आणि शीव मात्र शासनाची, ही स्थिति अर्धवट होय.

संग्राहकांस शेवटीं एक विनंती. प्रारूप अधिसूचना व अंतिम अधिसूचना हे एकाच ग्रंथाचे दोन पाठ समजावे. पोथीचा संपादक जसा पाठभेद टिपतो, तसे या दोहोंतील भेद टिपावे. मध्यें आलेल्या हरकती व नकाशे हीं त्यांवरील टीका होय. हे कागद कचेरीच्या फलकावर कांहीं दिवस लागतात व मग रद्दींत जातात. आपापल्या तालुक्यापुरते तरी ते मिळवून, तारीख व सही पाहून, जपून ठेवावे. कोणती आळी कोणाच्या लेखणीनें कोठें गेली, याचा निर्णय पुढील अभ्यासक त्यांवरूनच करूं शकतील.