'टेक मी टू चर्च' : प्रेमगीत की निषेधगीत?

'टेक मी टू चर्च' हे गाणं तुम्ही कुठल्या ना कुठल्या रीलवर ऐकलंच असेल. अनेकांना ते प्रेमगीत वाटतं, आणि ते आहेही. पण आयरिश गायक होझियरने त्यात प्रेमाला पाप ठरवणाऱ्या चर्चलाही सुनावलंय.

व्हिडिओत काय आहे?
जून २०१३ मध्ये रशियाने अल्पवयीनांसमोर समलैंगिकतेचा 'प्रचार' करण्यावर कायद्याने बंदी घातली. त्याच वर्षी आलेल्या या कृष्णधवल व्हिडिओत दोन तरुणांचं प्रेम दिसतं आणि त्यांच्यावर तुटून पडणारा मुखवटे घातलेला जमावही. रशियात समलैंगिकांवर होणाऱ्या हल्ल्यांकडे त्याचा रोख होता.

आणि गर्भपाताचं काय?
२४ जून २०२२ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७३ पासून असलेला गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढून घेतला. ऑक्टोबरमध्ये होझियरचं 'स्वॉन अपॉन लीडा' आलं. ग्रीक पुराणकथेत झ्यूस हंसाच्या रूपात लीडावर बळजबरी करतो. बाईच्या शरीरावर दुसऱ्यांनी सांगितलेला हक्क, हाच या गाण्याचा विषय.

होझियरला याचं एवढं का वाटतं?
त्याच्या देशाने हे सगळं भोगलंय. आयर्लंडमध्ये पुरुषांमधले समलैंगिक संबंध १९९३ पर्यंत गुन्हा होते. १९८३ च्या घटनादुरुस्तीने गर्भाला आईइतकाच जगण्याचा हक्क दिला होता. २०१२ मध्ये मूळच्या बेळगावच्या सविता हलप्पनवार गॉलवेच्या रुग्णालयात होत्या. गर्भ वाचणार नव्हता, पण त्याचे ठोके सुरू होते म्हणून डॉक्टरांनी गर्भपात नाकारला. जंतुसंसर्गाने सविता गेल्या. वय ३१.

मग गाण्यांनी कायदे बदलतात का?
नाही. आयर्लंडमध्ये ते मतदारांनी बदलले. २०१५ च्या सार्वमतात ६२ टक्के मतं समलैंगिक विवाहाच्या बाजूने पडली. २०१८ मध्ये ६६ टक्के मतं १९८३ ची ती दुरुस्ती रद्द करण्यासाठी पडली. रशियात मात्र असं झालं नाही. उलट २०२२ मध्ये तिथली बंदी सर्व वयोगटांसाठी लागू झाली.

गाणं मत देत नाही. पण ज्या विषयावर घरात कुणी बोलत नाही, तो कानात जाऊन बसतो. २०१८ च्या निकालाच्या वेळी डब्लिनमध्ये सविता यांच्या भित्तिचित्रावर लोकांनी माफीच्या चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या.

पुढच्या वेळी रीलवर हे गाणं लागलं, तर पूर्ण व्हिडिओ शोधून नक्की बघा.