अर्धे यंत्र डॅशबोर्डावर, अर्धे इंजिनात

चिलखती दलाच्या केंद्राने १९९४ साली उभारलेल्या नगरच्या रणगाडा संग्रहालयात सिल्व्हर घोस्ट जातीच्या रोल्स-रॉइस चिलखती मोटारीपासून १९६५ च्या युद्धात हस्तगत केलेल्या पॅटन रणगाड्यापर्यंतची वाहने ओळीने उभी आहेत, आणि त्यांच्याभोवती फिरणारा बहुतेक प्रेक्षक तोफांची लांबी व पोलादाची जाडी पाहून चकित होतो. परंतु ज्याने जन्मात कधी एखाद्या जुन्या गाडीचे बॉनेट उघडले आहे अशा माणसाची जिज्ञासा निराळ्याच दिशेने धावते, आणि त्या लोखंडी पेटीत कोंडलेल्या चालकाला आपल्या इंजिनाची प्रकृती कशी कळत असे, हा प्रश्न त्याच्या मनात उभा राहतो. उत्तर अर्थातच चार-पाच वर्तुळाकार तबकड्यांत आणि त्यांवर हलणाऱ्या काट्यांत आहे. त्या तबकड्या जुन्या पिकअप गाडीत नव्याने बसवू पाहणाऱ्यांची संख्या आपल्याकडे हल्ली वाढताना दिसते, आणि या उद्योगात पैसा व वेळ घालवूनही काट्याकडून खोटी साक्ष घेणारे त्यांत थोडे नसतात. म्हणून या काट्यांचे शास्त्र जरा सावकाशीने पाहावे असे वाटते.

जुन्या मालवाहू गाड्या आपल्या मुलखात अनेक वाटांनी आल्या. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीला जुळणीचा कारखाना घातला आणि शेव्हरोलेच्या गाड्या तेथून बाहेर पडू लागल्या. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने पुढे कुर्ल्याला डॉज व फार्गो जोडल्या. महिंद्रांनी विलिसची जीप आणली. आणि दुसरे महायुद्ध संपल्यावर फौजेच्या दप्तरातून वजा झालेली वाहने ‘डिस्पोजल’च्या लिलावांतून मुलकी हातांत गेली. प्रवरेच्या काठी सहकारी साखर कारखानदारीचा पाया घातला गेल्यापासून नगर जिल्ह्यातील ऊस, कांदा आणि दूध यांनी चारचाकीला कधी स्वस्थ बसू दिलेले नाही. अशी एखादी गाडी गोठ्यामागून बाहेर काढून, पत्रा ठोकून, रंग देऊन मालक तिला पुन्हा रस्त्यावर आणतो, तेव्हा शेवटी राहतो तो डॅशबोर्ड: काच पिवळी पडलेली, काटा जागीच गोठलेला, आणि मागच्या तारांचे कापडी वेष्टन उंदरांनी कुरतडलेले. मग बाजारातून चकचकीत मीटरांचा संच येतो आणि खरी गफलत येथून सुरू होते.

गफलत अशी की, मालक मीटर विकत घेतो म्हणजे आपण संपूर्ण यंत्र विकत घेतले असे समजतो. वस्तुतः डॅशबोर्डावर दिसते ते अर्धे यंत्र होय. उरलेले अर्धे, ज्याला मिस्त्री ‘सेंडर’ म्हणतात, ते इंजिनाच्या हेडमध्ये, तेलाच्या वाटेवर किंवा पेट्रोलच्या टाकीत दडलेले असते. आणि विजेच्या मीटरचा काटा तेल, पाणी किंवा पेट्रोल यांपैकी काहीच पाहत नाही, तो पाहतो फक्त त्या दूरच्या अर्ध्याचा विद्युतरोध. या दोन अर्ध्यांचा करार एकाच भाषेत झालेला नसेल तर तबकडी कितीही महाग असो, तिचा कौल रद्दबातल समजावा.

हे सर्वांत ठळकपणे इंधनाच्या मीटरात दिसते. टाकीतील फ्लोट वरखाली होतो आणि त्याच्या दांडीचे टोक रोधाच्या तारेवरून सरकते, एवढीच ही यंत्रणा. पण रिकाम्या टाकीला किती ओहम आणि भरलेल्या टाकीला किती, हे प्रत्येक कारखान्याने आपापल्या मर्जीने ठरविले. जनरल मोटर्सच्या १९६५ नंतरच्या बहुतेक गाड्यांत रिकामी टाकी म्हणजे शून्य आणि भरलेली म्हणजे ९० ओहम. नव्याने विकल्या जाणाऱ्या अमेरिकी मीटरांत फार प्रचलित असलेला हिशेब याच्या उलट, रिकाम्याला २४० आणि भरलेल्याला ३३. व्हीडीओ या जर्मन पद्धतीत पुन्हा सुलट, रिकाम्याला १० आणि भरलेल्याला १८०. आता जुन्या टाकीतला शून्य-ते-नव्वदचा सेंडर तसाच ठेवून त्याला दोनशे चाळीस-तेहेतीसचे मीटर जोडले तर काय घडते ते पाहावे. टाकी काठोकाठ भरलेली असताना रोध ९० ओहम, म्हणून काटा अर्ध्याच्या किंचित वर थांबतो; गाडी धावू लागते, पेट्रोल संपत जाते, रोध उतरत जातो, आणि काटा संथपणे वर चढत जातो; ३० ओहमच्या आसपास तो ‘पूर्ण’ची खूण ओलांडतो, आणि टाकी कोरडी पडते त्या क्षणी उजव्या टोकाला अडून बसलेला असतो. पेट्रोल जाळल्याने पेट्रोल वाढते असा चमत्कार दाखविणारी गाडी मालकाच्या मनात काही काळ सुखाची भावना निर्माण करीत असेलही, पण ती पाथर्डीच्या रस्त्यावर उभी राहणार हे निश्चित. उपाय साधा आहे: मीटर घेण्यापूर्वी टाकीचा सेंडर बाहेर काढून फ्लोट खाली व वर धरून मल्टिमीटरने दोन्ही टोकांचे रोध मोजावेत, आणि मग त्या जोडीचे मीटर मागावे, नाहीतर दोन्ही अर्धी एकाच कारखान्याची घ्यावीत. रंग, अंक, काचेची कड या गोष्टी नंतरच्या.

जुन्या तबकडीत आणखी एक नाजूक मुद्दा आहे. पूर्वीच्या विद्युत मीटरांत काटा हलविण्याचे काम दोन धातूंची जोडपट्टी करीत असे. तिच्याभोवतीच्या तारेतून प्रवाह गेला की ती तापते, वाकते आणि काटा ढकलते. ही मंद चाल बुद्धिपुरस्सर ठेवलेली होती, कारण खडबडीत रस्त्यावर टाकीतले पेट्रोल हिंदकळत असताना काट्याने प्रत्येक लाटेबरोबर नाचू नये. अशा मीटरांना अनेक अमेरिकी गाड्यांत एका नियंत्रकाकरवी सरासरी ५ व्होल्टच पुरविले जात. तो नियंत्रक अज्ञानाने बाजूला काढून थेट १२ व्होल्ट दिले, तर उष्णता व्होल्टच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे जवळजवळ पावणेसहापट होते आणि मीटर जळते. उलट आजकालच्या बहुतेक मीटरांना सबंध १२ व्होल्ट लागतात, म्हणून ती त्या जुन्या नियंत्रकामागे जोडली तर अर्धपोटी राहतात. युद्धकाळातील जीप तर मुळात ६ व्होल्टची. तिला १२ व्होल्टची बॅटरी देणाऱ्याने बल्बांप्रमाणे मीटरांचाही विचार करणे प्राप्त आहे.

तेलाच्या दाबाचे यांत्रिक मीटर मात्र या सगळ्या विद्युत कारभारापासून मुक्त आहे, आणि माझ्या मते जुन्या गाडीत तेच शोभते. पॅरिसच्या यूजीन बूर्दाँने १८४९ साली ज्या नळीचे पेटंट घेतले तीच आजही या तबकडीमागे बसलेली आहे: चपट्या छेदाची, अर्धवर्तुळात वाकविलेली, एका टोकाला बंद. आत दाब आला की चपटा छेद गोल होऊ पाहतो आणि त्यामुळे सगळी नळी सरळ होऊ लागते, जशी जत्रेतली गुंडाळलेली कागदी शिट्टी फुंकर मारताच उलगडते. बंद टोकाची ती सूक्ष्म हालचाल दातेरी चक्रांनी वाढवून काट्याला दिली जाते. येथे काट्याला जे कळते ते प्रत्यक्ष तेलाकडून कळते, रोधाच्या दुभाष्यामार्फत नव्हे. याची किंमत एवढीच की, इंजिनातले तापलेले तेल दाबासह चालकाच्या गुडघ्यापर्यंत आणावे लागते. म्हणून स्वस्त प्लॅस्टिकच्या नळीऐवजी तांब्याची नळी घ्यावी, इंजिन हलते आणि पत्रा हलत नाही हे ध्यानात ठेवून वाटेत तिला एक-दोन वेटोळी द्यावीत, आणि पत्र्यातून जाते तेथे रबरी वायसर बसवावा. एककांचीही नोंद असावी: अमेरिकी तबकडीवरचे ४० पौंड म्हणजे आपल्या परिचयाचे सुमारे २.८ किलो प्रति चौरस सेंटिमीटर.

पाण्याच्या तापमानाचा सेंडर बहुधा थर्मिस्टर असतो, ज्याचा रोध उष्णतेने घटतो. व्हीडीओच्या एका सामान्य प्रकारात तो ४० अंशांना सुमारे २९० ओहम आणि १२० अंशांना सुमारे २२ ओहम असतो. एका तारेच्या सेंडरचा परतीचा मार्ग त्याच्या आट्यांतून इंजिनाच्या धातूत जातो. गळती नको म्हणून मिस्त्रीने टेफ्लॉनची पट्टी सढळ हाताने गुंडाळली तर अर्थिंग बिघडते आणि काटा थंडच राहतो. याहून धोक्याची गोष्ट अशी की, सेंडर पाण्यात बुडालेला असेल तोवरच पाण्याचे तापमान सांगतो. एखादा होज फाटून पाणी निघून गेले की त्याच्याभोवती हवा व वाफ उरते, आणि इंजिन जळण्याच्या बेतात असताना काटा खाली उतरू शकतो. म्हणून चढणीवर काटा एकाएकी खाली आला तर तो चढल्यापेक्षाही अधिक संशयास्पद मानावा, आणि भर वैशाखात इमामपूरचा किंवा करंजीचा घाट भरल्या गाडीने चढणाऱ्याने तर हे विसरूच नये.

मीटर पारखण्याची सोयही स्वस्त आहे. सेंडर तारांनी मीटरला जोडून, त्याच्या धातूच्या अंगाला अर्थिंग देऊन, बॅटरी लावून पातेल्यातल्या उकळत्या पाण्यात धरावा. पण नगर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसहाशे मीटर उंच असल्यामुळे येथे पाणी १०० अंशांना नव्हे, सुमारे ९८ अंशांना उकळते. काटा शंभराच्या जरा अलीकडे थांबला तर विक्रेत्याशी वाद घालू नये. रेडिएटरच्या झाकणाने अर्धा किलोचा दाब धरला तर हाच उकळबिंदू ११० अंशांच्या जवळ जातो, आणि त्यामुळे जुने सैल झाकण तसेच ठेवून नवे मीटर बसविणे हा उलटा क्रम ठरतो.

ॲमीटरविषयी माझे मत जुन्या लोकांना रुचणार नाही. बॅटरीत जाणारा-येणारा प्रवाह डॅशबोर्डापर्यंत आणून परत नेण्याची ती पद्धत डायनामोच्या काळात चालून गेली. पण त्याच तारांवर मोठा अल्टरनेटर लादला की धोका उत्पन्न होतो. सैल पडलेल्या एका नटाचा रोध शंभरांश ओहम धरला तर २० अँपिअरला तेथे ४ वॅट उष्णता निर्माण होते, ५० अँपिअरला २५ वॅट. आणि हा निखारा चालकाच्या समोर, कापडी वेष्टनाच्या जुन्या तारांत. व्होल्टमीटर समांतर जोडला जातो, त्यातून नगण्य प्रवाह जातो, आणि तो अधिक सांगतो: इंजिन बंद असताना १२.६ च्या आसपास असेल तर बॅटरी भरलेली, इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ असेल तर चार्जिंग ठीक. जुना ॲमीटर शोभेसाठी ठेवावा, तारा काढून.

वेगमापक ही स्ट्रासबर्गच्या ओट्टो शुल्झेची १९०२ सालची देणगी. केबलने फिरणारा चुंबक ॲल्युमिनियमच्या वाटीत भोवरप्रवाह उत्पन्न करून तिला आपल्यामागे ओढतो, केसासारखी बारीक स्प्रिंग तिला रोखते, आणि दोहोंचा समतोल म्हणजे वेग. येथेही अर्धे यंत्र दूर आहे: गिअरबॉक्सचे दाते आणि मागचे टायर. टायरचा परीघ पाच टक्क्यांनी वाढला तर मीटर पाच टक्क्यांनी कमी सांगते. मैलांची तबकडी सौंदर्याखातर ठेवणाऱ्याने ३० मैल म्हणजे ४८ किलोमीटर हा हिशेब पाठ करावा आणि रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडांवर घड्याळ लावून मीटर एकदा तपासून घ्यावे.

राहिला भोके पाडण्याचा प्रश्न. बाजारातील लहान मीटरांसाठी सामान्यतः ५२ मिलिमीटरचे भोक लागते. केंद्र सरकारने २०२१ साली व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीचे जे नियम केले, त्यांत पन्नास वर्षांवरील गाडीची चासी, बॉडी शेल आणि इंजिन यांत बदल नसावा अशी अट आहे. डॅशबोर्डावरच्या तबकड्यांचा त्यात निराळा उल्लेख नाही. तरीही मूळ पत्र्याला हात न लावता खाली एक पट्टी टांगून नवी मीटरे तीत बसवावीत, हे मला अधिक इष्ट वाटते. जमल्यास कारागिराकडून जुन्या तबकडीच्या कवचातच नवी यंत्रणा घालून घ्यावी. खर्च वाढतो, पण पत्रा शाबूत राहतो. काढलेली जुनी मीटरे डब्यात घालून ठेवावीत, आणि त्याच डब्यात कोणत्या मीटरला कोणता सेंडर, त्याची दोन्ही टोके किती ओहमची आणि तार कोणत्या रंगाची, एवढे कागदावर लिहून ठेवावे. कारण पुढच्या मिस्त्रीला ही माहिती तबकडीकडे पाहून मिळण्याची काही सोय नाही.