उघडे पोर्ट आणि त्यांमागचे श्रोते

सर्व्हरच्या सुरक्षिततेचा विषय निघाला म्हणजे प्रथम फायरवॉलची आठवण व्हावी हे स्वाभाविक असले, तरी पोर्ट बंद करण्याच्या कामाचा आरंभ तेथून होऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. कारण पोर्ट हा ० ते ६५,५३५ यांपैकी केवळ एक क्रमांक असून, त्या क्रमांकावर एखादा प्रोग्राम कान देऊन बसला असेल तेव्हाच तो उघडा म्हणावयाचा, आणि तो श्रोता उठला की पोर्टही आपोआप मिटतो.

असे श्रोते मालकाच्या नकळत किती बसलेले असतात, याचा दाखला २५ जानेवारी २००३ रोजी जगाला मिळाला. अवघ्या ३७६ बाइटांचा 'स्लॅमर' नामक वर्म यूडीपी १४३४ या पोर्टातून एकेका पॅकेटानिशी शिरे, आणि आरंभी दर साडेआठ सेकंदांना दुप्पट होत त्याने दहा मिनिटांत जगातील बहुतेक सर्व असुरक्षित यंत्रे व्यापली. हा वर्म ज्या दोषाचा फायदा घेई, त्यावरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने जुलै २००२ मध्येच दिली होती. परंतु ज्या डेटाबेसमध्ये हा दोष होता, तो अन्य सॉफ्टवेअरच्या पोटातून बिनबोभाट बसविला गेल्यामुळे, तो आपल्या यंत्रावर आहे हेच अनेकांच्या गावी नव्हते. अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या डेव्हिस-बेस अणुवीज केंद्रात तर हा वर्म एका कंत्राटदाराच्या जोडणीतून, फायरवॉलला वळसा घालून आला, आणि सुरक्षाविषयक माहिती दर्शविणारी तेथील संगणकव्यवस्था जवळजवळ पाच तास ठप्प झाली. अणुभट्टी त्या वेळी बंद होती, हे सुदैव.

म्हणून प्रथम झाडती घ्यावी ती श्रोत्यांची. लिनक्सवर 'एसएस' ही कमांड टीसीपी व यूडीपी या दोहोंची यादी देते, तीत ०.०.०.० असा पत्ता दिसला तर तो प्रोग्राम यंत्राच्या प्रत्येक आयपीव्ही४ पत्त्यावर ऐकतो आहे, आणि १२७.०.०.१ दिसला तर केवळ त्याच यंत्रातील प्रोग्रामांना त्याच्याशी बोलण्याची मुभा आहे, असे समजावे. वेबसाइट व तिचा मायएसक्यूएल डेटाबेस एकाच यंत्रावर नांदत असतील, तर ३३०६ हा पोर्ट बाहेर उघडा ठेवण्याचे काहीच प्रयोजन नाही. ज्या सेवेची गरज नाही ती थांबवावीच, शिवाय यंत्र पुन्हा सुरू होताना ती आपसूक उठणार नाही अशी तजवीजही करावी. त्यानंतर फायरवॉलचा बंदोबस्त अवश्य करावा, मात्र तो लागू करण्यापूर्वी एसएसएचच्या २२ क्रमांकाला परवानगी द्यावी, नाही तर दूरस्थ सर्व्हरचा कारभारी स्वतःच बाहेर राहावयाचा. शेवटी दुसऱ्या जागेवरून 'एनमॅप'ने पडताळणी करावी, आणि आपल्याच मालकीच्या यंत्रापुरती करावी.