दीडशे मेगाहर्ट्झवरचं आकाश

नवा रायपूरपासून ऐंशी किलोमीटरवर, पोलीस गाडीत बसलेला एक हवालदार वायरलेसचं बटण दाबून बोलू लागतो. त्याच्या तोंडून निघालेला आवाज हवेतून जेमतेम नऊ सेंटीमीटर पुढे सरकतो, तेवढ्यात त्याच आवाजाची रेडिओलहर ऐंशी किलोमीटरचं अंतर कापून जाते. शेजारच्या सीटवरचा सहकारी त्याच्या कितीतरी जवळ आहे, पण तो शब्द अजून त्याच्या कानापर्यंत पोहोचलेला नाही. हिशेब अगदी साधा आहे. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, तर रेडिओलहर तीन लाख किलोमीटर.

छत्तीसगडचं पोलीस मुख्यालय नवा रायपूरमध्ये आहे. तिथल्या रुंद, सरळ रस्त्यांवरून चालणाऱ्या प्रत्येकाच्या अंगातून असं बोलणं अखंड जात असतं. बंदोबस्ताचे पॉइंट, नाकाबंदी, अपघाताची खबर, कंट्रोलचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं. आपल्याला त्यातलं काहीच जाणवत नाही. लहर मात्र माणूस निवडत नाही, ती सगळ्यांकडे सारखीच जाते. ती पकडून तिचं पुन्हा बोलणं करणारं यंत्र म्हणजे स्कॅनर. ते काम कसं करतं, हे मी जितकं समजून घेतो तितका अचंबा वाढत जातो.

पोलिसांचं बरंचसं बोलणं व्हीएचएफ पट्ट्यात, १५० मेगाहर्ट्झच्या आसपास चालत आलेलं आहे. या लहरीची लांबी दोन मीटर. म्हणूनच जुन्या पोलीस जीपच्या टपावर दिसणारी काठीसारखी अँटेना साधारण अर्धा मीटर, म्हणजे लहरीच्या पाव लांबीची असते. हातातला वॉकी-टॉकी सुमारे पाच वॉट शक्तीने बोलतो. एवढी शक्ती घरातला एखादा लहान एलईडी दिवासुद्धा खातो. ती सगळ्या दिशांना पसरते, पातळ होत जाते, आणि दूरच्या रिसीव्हरला मिळतो तो तिचा कणाचाही कण. चांगल्या रिसीव्हरला समजेल इतपत बोलणं ऐकू यायला मायक्रोव्होल्टचा चौथा हिस्सा पुरतो. शक्तीत मोजायचं तर हे सुमारे एक फेमटोवॉट होतं, म्हणजे एका वॉटचे एकावर पंधरा शून्यं इतके भाग केल्यावर उरणारा एक भाग. एवढ्याशा हालचालीतून बोलणाऱ्याचा घसा बसला आहे की तो धापा टाकतोय, हेही ओळखता येतं.

या कणाला वेगळं काढण्याची युक्ती पहिल्या महायुद्धाच्या काळातली. पॅरिसमध्ये असलेला अमेरिकन अभियंता एडविन आर्मस्ट्राँग याने १९१८ मध्ये सुपरहेटरोडाइन रिसीव्हर सुचवला. आलेल्या लहरीत यंत्राने स्वतः तयार केलेली दुसरी लहर मिसळायची, आणि दोन्हींच्या फरकाइतक्या, कायम ठरलेल्या वारंवारतेवर सगळी गाळणी आणि वर्धन करायचं. स्कॅनर नेमकी हीच दुसरी लहर झपाट्याने बदलत जातो. एका चॅनेलवर तो क्षणभर कान देतो, कुणी बोलत नसेल तर पुढे सरकतो. शांतता आणि बोलणं यांतला फरक ओळखणाऱ्या परिपथाला स्क्वेल्च म्हणतात. १३६ ते १७४ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात साडेबारा किलोहर्ट्झच्या अंतराने तीन हजारांवर चॅनेल मावतात. सेकंदाला शंभर चॅनेल तपासणारा स्कॅनर अर्ध्या मिनिटात हा सगळा पट्टा धुंडाळतो. कुठे कुणी बोललं की तिथेच थांबतो.

पोलिसांनी रेडिओ हाती घेतला तेव्हा बोलणं एकाच दिशेने जाई. अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहराने १९२८ मध्ये गस्तीच्या गाड्यांना रेडिओवरून हुकूम सोडायला सुरुवात केली. गाडीतले शिपाई ऐकत, पण उत्तर देऊ शकत नसत. १९४० मध्ये कनेक्टिकट राज्य पोलिसांनी डॅनियल नोबल यांच्या आराखड्यानुसार राज्यभर दुतर्फा एफएम यंत्रणा उभारली. एफएम हे तंत्रही आर्मस्ट्राँगचंच. चोरून ऐकणं, परवानगी घेऊन ऐकणं आणि सहज ऐकणं, तिन्ही प्रकार अमेरिकेत पोलीस रेडिओबरोबरच वाढले. छायाचित्रकार विजीला १९३८ मध्ये गाडीत पोलिसांच्या लहरी ऐकणारा रेडिओ बाळगण्याची परवानगी मिळाली, आणि न्यूयॉर्कच्या रात्रींची त्याची गाजलेली छायाचित्रं त्या कानामुळेच शक्य झाली.

छत्तीसगडमध्ये या तंत्राला भूगोलाशी झगडावं लागतं. व्हीएचएफ लहर जवळजवळ सरळ जाते आणि पृथ्वी गोल आहे. मीटरमध्ये मोजलेल्या उंचीचं वर्गमूळ काढून त्याला ४.१२ ने गुणलं की लहरीचं क्षितिज किलोमीटरमध्ये मिळतं. छातीच्या उंचीवर वॉकी-टॉकी धरला तर हे क्षितिज पाच किलोमीटरांवरच संपतं. तीच अँटेना आसपासच्या सपाटीपेक्षा ४०० मीटर उंच डोंगरावर नेली, तर ते ऐंशी किलोमीटरच्या पुढे जातं. म्हणून माथ्यावर रिपीटर बसवतात. तो एका वारंवारतेवर ऐकतो आणि त्याच क्षणी दुसरीवर तेच पुन्हा बोलतो. वर सांगितलेल्या ऐंशी किलोमीटरच्या प्रवासामागेही असाच एखादा डोंगरमाथा असावा लागतो. रायपूरभोवतीचं महानदीचं मैदान सपाट आहे, तिथे उंच मनोऱ्यांवर भागतं. पण राज्याचं क्षेत्रफळ सुमारे १ लाख ३५ हजार चौरस किलोमीटर. दक्षिणेला बस्तरच्या डोंगररांगा, अबूझमाडचं दाट रान, आणि त्याला लागून आपला गडचिरोली जिल्हा. अशा मुलखात लहरीला वाट काढून देणं हे दऱ्याखोऱ्यांचा कोनाकोपरा ठाऊक असलेल्या माणसांचं काम आहे. बिनतारी विभागातली ही माणसं बातम्यांत दिसत नाहीत. पण दूरच्या पोलीस मदत केंद्रातला शिपाई मदत मागू शकतो, तो त्यांनी डोंगरावर चढवलेल्या बॅटऱ्यांच्या आणि अँटेनांच्या जोरावर.

त्या लहरीचं मोल काय, हे महाराष्ट्राने २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री अनुभवलं. कामा रुग्णालयाजवळ हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर यांची गाडी दहशतवाद्यांच्या गोळ्यांनी चाळण झाली. तीच गाडी घेऊन दोघे दहशतवादी पळाले. मागच्या भागात जखमी होऊन पडलेले पोलीस शिपाई अरुण जाधव यांनी संधी मिळताच गाडीतल्या वायरलेसवरून कंट्रोलला खबर दिली. पुढे त्या दोघांनी एक स्कोडा गाडी पळवली. तिचं वर्णन वायरलेसवरून फिरलं, आणि गिरगाव चौपाटीवर नाकाबंदीला उभ्या असलेल्या डी. बी. मार्ग पोलिसांनी ती अडवली. तुकाराम ओंबळे यांनी बंदुकीची नळी धरून ठेवली म्हणून अजमल कसाब जिवंत सापडला. ओंबळे यांच्या शौर्याला तोड नाही. ते ज्या गाडीसमोर उभे राहिले ती ओळखता आली, ती हवेतून आलेल्या काही शब्दांमुळे.

मग हे बोलणं आपण ऐकावं का? भारतात याचं उत्तर स्पष्ट आहे. १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्याने परवान्याशिवाय बिनतारी यंत्र जवळ ठेवणंच गुन्हा ठरवलं होतं. २०२३ च्या दूरसंचार कायद्याच्या ४२ व्या कलमानुसार संदेश बेकायदेशीरपणे पकडणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, दोन कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. मला हा निर्बंध पटतो. ज्या राज्यात जवानांची तुकडी कुठल्या वाटेने निघाली आहे हे फुटल्यास जीव जातात, तिथे कुतूहलाने मागे उभं राहावं. पोलीस रेडिओवर पीडितांची नावं आणि पत्तेही असतात. ते आपल्या कानांसाठी नसतात.

पण ताबडतोब ऐकता येत नाही, म्हणजे कधीच काही कळू नये असंही नाही. अशोक कामटे यांच्या पत्नी विनिता कामटे यांनी माहिती अधिकाराचा कायदा वापरून त्या रात्रीच्या नियंत्रण कक्षाच्या संदेशांच्या नोंदी मिळवल्या. त्यांच्या आधारे विनिता देशमुख यांच्यासह लिहिलेलं ‘टू द लास्ट बुलेट’ हे पुस्तक २००९ मध्ये आलं. कुणी कधी मदत मागितली आणि ती कुठे पोहोचली, हे प्रश्न त्या नोंदींमुळे जाहीरपणे विचारता आले. पोलिसांचं बोलणं घडत असताना गुप्त राहावं आणि नंतर त्याची नोंद तपासता यावी, अशी व्यवस्था मला अमेरिकेतल्या खुल्या स्कॅनरपेक्षा अधिक शहाणी वाटते.

आता तर तंत्रच कान बंद करू लागलं आहे. डिजिटल रेडिओत आवाजाचे आकडे होतात. टेट्रा या युरोपीय पद्धतीत पंचवीस किलोहर्ट्झच्या एकाच वाहिनीवर चार संभाषणं चालतात. एकाच नळावर चौघींनी आळीपाळीने कळशी धरावी तशी प्रत्येकाला सुमारे चौदा मिलिसेकंदांची पाळी मिळते, आणि ती इतक्या लवकर परत येते की बोलणाऱ्याला खंड जाणवत नाही. वर आकडे कूटबद्ध केले, की ऐकणाऱ्याच्या हाती फक्त खरखर उरते. न्यूयॉर्क पोलिसांनीही २०२३ पासून आपली चॅनेल अशी बंद करायला घेतली. त्याच वर्षी नेदरलँड्समधल्या संशोधकांनी दाखवून दिलं, की टेट्राच्या एका कूटपद्धतीत ऐंशी बिटांची म्हणून दिलेली किल्ली प्रत्यक्षात बत्तीस बिटांचीच होती. बत्तीस बिट म्हणजे सुमारे ४२९ कोटी शक्यता, आणि आजचा संगणक त्या सहज तपासून टाकतो. म्हणजे कुलपाचीही उलटतपासणी करणारे लोक लागतात. शिवाय बरंचसं काम आता बोलण्यातून निघूनच गेलं आहे. छत्तीसगडने २०१८ मध्ये ‘एक्के नंबर, सब्बो बर’ म्हणत डायल ११२ सेवा सुरू केली. तशा सेवेत गाडी कुठे आहे हे जीपीएस सांगतं, त्यासाठी कुणाला विचारावं लागत नाही.

मला सगळ्यात विलक्षण वाटते ती कुणीच बोलत नसतानाची खरखर. स्क्वेल्च उघडला की जी फुसफूस ऐकू येते, तिच्यातला मोठा भाग यंत्राच्या स्वतःच्या इलेक्ट्रॉनांचा आणि शहरातल्या विजेच्या उपकरणांचा असतो. पण १५० मेगाहर्ट्झच्या आसपास तिच्यातला एक वाटा थेट आकाशगंगेकडून येतो. तिथल्या चुंबकीय क्षेत्रांत प्रचंड वेगाने गिरक्या घेणारे इलेक्ट्रॉन या लहरी सोडतात. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळच्या खोडदला गोविंद स्वरूप यांनी साकारलेली जीएमआरटी दुर्बीण आहे. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस अँटेना, पंचवीस किलोमीटरवर पसरलेल्या. तिने याच १५० मेगाहर्ट्झवर आकाशाच्या नव्वद टक्के भागाची पाहणी केली आणि सहा लाखांहून जास्त रेडिओस्रोतांची यादी हाती आली. त्यांतल्या कित्येकांच्या लहरी अब्जावधी वर्षं प्रवास करून आल्या आहेत. खोडदच्या दुर्बिणीला ऐकू येणाऱ्या दूरच्या दीर्घिका आणि गस्तीवरच्या शिपायाचं ‘कंट्रोल, कंट्रोल’ यांच्यात वारंवारतेच्या दृष्टीने फार अंतर नाही.

म्हणून ज्यांना ऐकायचंच आहे त्यांनी पोलिसांच्या चॅनेलवरून नजर उचलून शेजारी बघावं. १४४ ते १४६ मेगाहर्ट्झचा पट्टा हौशी रेडिओवाल्यांसाठी राखून ठेवलेला आहे. वयाची बारा वर्षं पूर्ण केलेल्या कुणालाही केंद्र सरकारची परीक्षा देऊन हॅम परवाना मिळू शकतो. १४५.८ मेगाहर्ट्झवर आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकातून बोलणाऱ्या अंतराळवीरांचा आवाज येतो. स्थानक ज्या वेळी डोक्यावरून जाईल, त्या वेळी साधी अँटेनाही त्याला पुरते. आणि दरवर्षी २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, खोडदला जीएमआरटीच्या आवारात प्रदर्शन भरतं. मुलांना घेऊन तिथे जा आणि विचारा, ‘१५० मेगाहर्ट्झवर काय ऐकू येतं?’