यंत्राचा कल आणि कंत्राटातील अटी

निर्वाह भत्ता घेणाऱ्या कोणत्या कुटुंबाची चौकशी करावी, नोकरीच्या शेकडो अर्जदारांपैकी कोणाला मुलाखतीस बोलवावे, कोणत्या शिक्षकाचे काम असमाधानकारक ठरवावे, असे निर्णय युरोप-अमेरिकेतील अनेक शहरांत संगणकीय प्रणालींच्या साहाय्याने घेतले गेले आहेत आणि घेतले जात आहेत. या प्रणाली पुष्कळदा शहराने स्वतः घडवलेल्या नसतात, तर खासगी पुरवठादारांकडून कंत्राटाने घेतलेल्या असतात. त्यामुळे ज्या निर्णयाचा जाब नागरिक नगरप्रशासनाला विचारतो, त्या निर्णयामागची रीत प्रशासनालाच ठाऊक नसते. पुरवठादाराने आपल्या प्रणालीची पक्षपात-तपासणी, म्हणजे लिंग, वंश, भाषा किंवा वय यांमुळे एखाद्या गटाला ती सातत्याने प्रतिकूल निकाल देते काय याची पडताळणी, स्वतंत्र तज्ज्ञांकडून करून घेऊ द्यावी, ही मागणी या परिस्थितीतून पुढे आली आहे.

पक्षपात यंत्रात शिरतो तो बहुधा कोणाच्या दुष्ट हेतूने नव्हे. यंत्र-अध्ययन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत संगणकाला नियम शिकवले जात नाहीत, तर जुन्या प्रकरणांची नोंद त्याच्यापुढे ठेवली जाते आणि तिच्यातील साम्ये तो आपली आपण हेरतो; पूर्वीच्या अधिकाऱ्यांनी विशिष्ट वस्तीतील लोकांच्याच चौकश्या अधिक केल्या असतील, तर त्या वस्तीतच गैरप्रकार अधिक होतात, असा धडा यंत्र घेते. रॉटरडॅम शहरात नेमके काय घडले ते यासाठी पाहण्यासारखे आहे. अ‍ॅक्सेंचर या सल्लागार कंपनीच्या मदतीने घडवलेली एक प्रणाली त्या शहराने 2017 ते 2021 या काळात वापरली. भत्ता घेणाऱ्या प्रत्येक व्यक्तीची 315 वैशिष्ट्ये विचारात घेऊन ती प्रणाली त्या व्यक्तीला धोक्याचा एक गुणांक देई, आणि ज्यांचा गुणांक वरचा त्यांची चौकशी होई. वंशाचा रकाना त्या यादीत नव्हता, परंतु डच भाषेवरील प्रभुत्व होते, वय आणि लिंग होते, मुले किती हेही होते, शिवाय प्रकरण हाताळणाऱ्या कर्मचाऱ्याने व्यक्तीविषयी नोंदवलेले मतही होते. स्थलांतरितांच्या शहरात भाषेचा रकाना मूळ देशाचेच काम करतो, हे उघड आहे. म्हणूनच प्रतिकूल रकाने गाळले की यंत्र निःपक्षपाती होते, हा समज टिकत नाही. रॉटरडॅमच्या लेखापरीक्षण संस्थेने 2021 मध्ये या धोक्याकडे लक्ष वेधले, आणि शोधपत्रकारांनी प्रणाली मिळवून 2023 मध्ये केलेल्या विश्लेषणात स्त्रिया, मुले असलेले पालक आणि डच नीट न येणारे लोक यांना चढे गुण मिळत असल्याचे दिसून आले. ही तपासणी खरेदीच्या वेळीच करणे शक्य होते, ती प्रणाली वापरून झाल्यावर झाली.

तपासणीच्या आड पुरवठादाराचे व्यापारी गुपित येते, आणि या प्रश्नातील सर्वांत अवघड गाठ तीच आहे. ह्यूस्टन येथील शालेय प्रशासन शिक्षकांचे मूल्यमापन सॅस या कंपनीच्या प्रणालीने करत असे आणि त्या गुणांवरून शिक्षकांना नोकरीवरून काढण्याची तरतूद होती. गुण कसे आले हे शिक्षकांना पडताळता येत नव्हते, कारण गणिताची रीत कंपनीची खासगी मालमत्ता होती. शिक्षक संघटना न्यायालयात गेली तेव्हा 2017 मध्ये संघीय न्यायाधीशांनी मांडलेली भूमिका महत्त्वाची ठरली: कंपनीने आपले गुपित खुशाल जपावे, पण उपजीविका हिरावणारा निर्णय अशा गुपितावर उभा राहू शकत नसेल, तर सार्वजनिक संस्थेने ते धोरणच सोडून द्यावे. त्याच वर्षी तडजोड झाली. गुपिताचा हक्क आणि सार्वजनिक सत्तेचा वापर या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मागता येत नाहीत, हे तत्त्व नगरपालिकांच्या कंत्राटांनाही तितकेच लागू आहे.

ही अडचण खरेदीपूर्वीच सोडवण्याचा गंभीर प्रयत्न अ‍ॅम्स्टरडॅमने केला. या शहराने 2020 मध्ये अल्गोरिदम पुरवणाऱ्या कंपन्यांसाठी कंत्राटातील नमुना अटी तयार केल्या आणि पारदर्शकतेचे तीन थर वेगळे केले: प्रणाली घडवताना कोणती गृहीतके व निवडी केल्या हे सांगणे, गरज पडेल तेव्हा मूळ संगणक-संहिता आणि माहितीसाठा तपासणीसाठी उघडा करणे, आणि एखाद्या नागरिकाविषयी विशिष्ट निष्कर्ष का निघाला हे त्याला समजेल अशा रीतीने स्पष्ट करता येणे. दुसऱ्या थरातील मजकूर जगजाहीर करण्याची सक्ती नाही, तपासनीसाला दाखवणे मात्र बंधनकारक आहे. गुपित आणि जबाबदारी यांच्यातील वाट येथे काढलेली दिसते. पुढे युरोपीय संघाच्या नमुना अटी याच मसुद्याच्या आधारे रचल्या गेल्या. अमेरिकेत सॅन होजे शहराच्या पुढाकाराने 2023 च्या अखेरीस स्थापन झालेल्या गव्हएआय या सरकारी संस्थांच्या आघाडीनेही पुरवठादारांकडून भरून घ्यायचे एक माहितीपत्रक तयार केले आहे. प्रणाली कोणत्या माहितीवर शिकली, कशावर तपासली, तिच्या चुकांचे प्रमाण काय, असे प्रश्न त्यात आहेत. एकट्या छोट्या शहराला मोठी कंपनी दाद देत नाही, त्यामुळे सर्वांनी एकच कागद पुढे करण्यात शहाणपण आहे.

तपासणी सक्तीची केली म्हणजे काम झाले असे मात्र नाही. न्यूयॉर्क शहराचा 2021 चा स्थानिक कायदा क्रमांक 144 नोकरभरतीच्या स्वयंचलित साधनांना लागू आहे. त्याची जबाबदारी पुरवठादारावर नसून साधन वापरणाऱ्यावर आहे, आणि अंमलबजावणी जुलै 2023 पासून सुरू झाली. त्यातील मोजमाप सोपे आहे: प्रत्येक गटाच्या निवडीचे प्रमाण काढून त्याला सर्वाधिक प्रमाण असलेल्या गटाच्या आकड्याने भागायचे. शंभर पुरुषांपैकी चाळीस आणि शंभर स्त्रियांपैकी अठ्ठावीस निवडल्या गेल्या, तर स्त्रियांचे गुणोत्तर 0.70 येते. पण किती गुणोत्तर आले की साधन नाकारावे हे कायदा सांगत नाही, वय आणि अपंगत्व यांचा विचार त्यात नाही, आणि आपले साधन कायद्याच्या कक्षेत येते की नाही हे बऱ्याच अंशी मालकच ठरवतो. संशोधकांनी 391 मालकांची संकेतस्थळे पाहिली तेव्हा केवळ 18 ठिकाणी तपासणीचा अहवाल आढळला, यात आश्चर्य नाही. पळवाट ठेवलेली सक्ती तपासणीला निव्वळ औपचारिकतेवर आणते.

एकदाच केलेल्या तपासणीची मर्यादा अ‍ॅम्स्टरडॅमच्याच अनुभवातून स्पष्ट होते. भत्त्याच्या अर्जांची छाननी करण्यासाठी त्या शहराने ‘स्मार्ट चेक’ नावाची प्रणाली तयार केली, राष्ट्रीयत्वासारखे रकाने मुद्दाम वगळले, तरीही डच नसलेल्यांविरुद्ध दिसलेला कल गणिती दुरुस्तीने कमी केला आणि मगच ती 2023 मध्ये प्रत्यक्ष अर्जांवर चालवून पाहिली. तेव्हा तिचा कल पालटून डच नागरिक आणि स्त्रिया चुकीने अधिक प्रमाणात चौकशीसाठी निवडल्या जाऊ लागल्या. वापर सुरू असतानाही मोजणी चालू ठेवल्यामुळेच हे दिसले आणि शहराने प्रयोग थांबवला. म्हणून पुरवठादाराशी करार करताना, तपासणी त्या शहराच्या स्वतःच्या रहिवाशांच्या माहितीवर व्हावी, प्रणालीत प्रत्येक मोठा बदल झाल्यावर ती पुन्हा व्हावी, तिचा खर्च आणि तपासनीसाची नेमणूक पुरवठादाराच्या हाती नसावी, आणि निकाल प्रतिकूल आला तर भरपाई न देता करार संपवण्याचा हक्क शहराकडे राहावा, एवढ्या अटी तरी सही होण्यापूर्वी लिहिलेल्या असणे आवश्यक ठरते; सहीनंतर त्या मागण्याचे बळ कोणत्याही शहराकडे फारसे उरत नाही.